आधी कागदावर मांड

प्रिय पोरी,

परवा रात्री साडेअकराला तू पाठवलेला जाहिरातीचा फोटो बघितला. अँब्युलन्स, तिच्यापुढे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली हसरी मुलगी, खाली ‘एक वर्षाचा पॅरामेडिकल डिप्लोमा, नोकरीची १०० टक्के हमी’. फी १ लाख ६० हजार. आणि तुझा एका ओळीचा प्रश्न : ‘काका, भरू का? बाबा म्हैस विकायला तयार आहेत.’

मला राग आला. जाहिरातवाल्यांचा आलाच, थोडा तुझाही आला. बारावी सायन्स झालेली मुलगी तू, पण साधी वजाबाकी न करता घरातलं दुभतं जनावर बाजारात न्यायला निघालीस. कागदावर मांडलंस का हे? नाही ना? मग ऐक.

‘पॅरामेडिकल’ हा शब्द आपल्याकडे गोधडीसारखा आहे. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, भूलतज्ज्ञाच्या हाताखालचा तंत्रज्ञ, सगळे त्याच्याखाली झोपतात. तुला हवंय ते अपघाताच्या जागी पोचणारं, गाडीत रुग्ण सांभाळणारं काम. ते त्या जाहिरातीत कुठल्या ओळीत लिहिलंय ते मला दाखव.

आता तास मोज. २०२१ साली केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी, म्हणजे याच पॅरामेडिकल कामांसाठी, आयोगाचा कायदा केला. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचं नाव त्या कायद्याच्या यादीत आहे. त्या कायद्यात संलग्न क्षेत्रातल्या पदविकेला किंवा पदवीला किमान २००० तास लागतात, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले. तुझ्या जाहिरातीत रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस. ५० आठवडे धरले तरी होतात ६००. हे मांडायला दोन मिनिटं लागली. म्हैस पोसायला तुझ्या आईला किती वर्षं लागली?

मी हे मांडलं नव्हतं. १९९९ साली आईच्या पाटल्या मोडून अशाच एका ठिकाणी पैसे भरले. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, मान्यता कुणाचीच नव्हती. पुढची चार वर्षं मी फक्त स्ट्रेचर उचललं आणि ड्युटीवरच्या सिस्टरच्या हाताकडे बघत बघत शिकलो. रीतसर अभ्यासक्रम केला तेव्हा तिशी ओलांडली होती. आईनं कधी शब्द काढला नाही. लग्नाकार्यात ती हात पदराखाली घ्यायची, तेवढंच.

तुला १०८ च्या गाडीवर चढायचंय हे मला ठाऊक आहे. २०१४ मध्ये आपल्या राज्यात ही सेवा ९३७ गाड्यांनी सुरू झाली, पण तिची घडी अशी की गाडीत डॉक्टर असतो आणि गाडी चालवणारा पायलट. म्हणजे डॉक्टर नसलेल्याला नोकरी शोधायची ती जास्त करून खासगी रुग्णालयांच्या गाड्यांवर, कॅज्युअल्टीत, कारखान्याच्या प्रथमोपचार केंद्रात. तिथे जाऊन पगार विचार. एकाला नाही, चौघांना. आलेले आकडे कागदावर मांड आणि त्यांच्यासमोर फी लिही.

पैशाचं म्हणशील तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही शिकवतात, तिथली चौकशी पहिली. कुठली शाखा, कुठे, किती जागा, हे फोनवर नाही, जाऊन विचार. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क माफीची योजना २०२४ पासून आहे. ती या अभ्यासक्रमाला आणि त्या महाविद्यालयाला लागू आहे का, हे प्रवेशाच्या आधी विचारायचं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागत असेल तर नॉन-क्रीमीलेयर, हे सगळं आत्ताच सेतूत जाऊन काढायला टाक. आणि बँकेचं खातं आधारला जोडलेलं नसेल तर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे लटकतात.

कर्ज घ्यावं लागलंच तर घाबरू नकोस. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, वडील सहकर्जदार लागतात. पण शिकताना हप्ता नाही म्हणजे व्याज झोपलंय असं समजू नकोस. पहिल्या वर्षी उचललेल्या एका लाखावर १० टक्के सरळव्याज धरलं तरी चार वर्षांत ४० हजार होतात. मेसचे पैसे, बूट, गणवेश, इंटर्नशिपला जायचं बसभाडं हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. तेही कागदावर मांड.

कंटाळलीस? मग हे काम सोड. कारण गाडीतही हेच करायचंय.

५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, म्हणजे १ मिलीला २० थेंब, तर मिनिटाला थेंब किती? ४२. अॅड्रेनॅलिनच्या अँप्यूलमध्ये १ मिलीत १ मिग्रॅ असतं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. तू अकरावीत गणित सोडलंस म्हणून मी बोलतोय. जीवशास्त्राचं पाठांतर तुझं चांगलं आहे, पण गुणोत्तर, टक्केवारी, मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम हे सातवी-आठवीचं पुस्तक काढून पुन्हा कर. लाजू नकोस. मी बत्तिसाव्या वर्षी केलं, शेजारी माझा पुतण्या त्याच पुस्तकातून शिकत होता.

एक सांगतो, घरी कुणाला सांगितलेलं नाही. इगतपुरीहून एका आजोबांना ठाण्याला नेत होतो. छोटा सिलिंडर, १५०० लिटरचा, भरलेला. मास्कला मिनिटाला १५ लिटर. पायलट म्हणाला, दीड तासात ठाणं. मी निर्धास्त बसलो. १५०० भागिले १५ म्हणजे १०० मिनिटं, हा भागाकार मला कसारा घाटात गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर सुचला. काटा खाली येताना मी बघत राहिलो. खर्डीच्या पुढे सिलिंडर संपला. दुसरा मिळेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडलेले मी पाहिले. ते जगले. त्यांच्या मुलानं माझे पाय धरले तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या दिवसापासून गाडी हलायच्या आधी मी हाताच्या पंजावर पेनानं मिनिटं लिहितो. नवी पोरं हसतात, हसू देत.

माझा थोरला भाऊ अजून म्हणतो, तेव्हाच क्लार्कची परीक्षा दिली असतीस तर आज पेन्शन असती. त्याचा हिशेब बरोबर आहे, मी तपासलाय. पण कॅज्युअल्टीच्या दारात गाडी उलटी लागते आणि आतून कुणीतरी ‘काय आहे?’ विचारतं, तेव्हा एका दमात नाडी, रक्तदाब, शुद्ध, दिलेलं औषध सांगणारा माणूस मी असतो. हे मी कुठल्या रकान्यात लिहू? मला त्याचं उत्तर द्यायचं नाही. तुलाही मागत नाही.

रविवारी माझी दिवसपाळी आहे, संध्याकाळी सहानंतर घरी ये. जाहिरात आणू नकोस, वही आण. एका पानावर तीन ठिकाणच्या फिया, तास आणि मान्यता कुणाची ते, आणि दुसऱ्यावर तुमच्या घरचा महिन्याचा खर्च. आणि बाबांना सांग, म्हैस विकायची घाई नको. ती गाभण आहे असं तूच मागे म्हणाली होतीस. व्यायल्यावर रोज किती दूध डेअरीला जाईल, तेही मांडून आण.

तुझा,
काका