माणूसपणावरचं गाणं घेऊन वाचन आणि पटवून देणारं लेखन कसं शिकवावं?

तुमची अडचण अशी आहे, की गाणं ऐकताना तेरा-चौदा वर्षांची मुलं रमतात, पण लिहायला बसली की ‘आपण सर्वांनी माणुसकीने वागले पाहिजे’ यापुढे सरकत नाहीत. मी भाषा शिकवते, त्यामुळे हे वाक्य असंख्य वह्यांत वाचलंय. मुलांना दोष देऊ नका. गाणं स्वतःच तिथे थांबलेलं असतं. गाण्याला कारणं द्यावी लागत नाहीत, त्याचं काम चाल आणि ध्रुवपद करतं. माझ्या मते सगळा पाठ या एका उणिवेभोवती बांधावा.

आधी गाणं ऐकवूच नका, नुसते शब्द हातात द्या. चाल कानात बसली की मुलं वाचत नाहीत, आठवतात. मूक वाचनानंतर विचारा: बोलतंय कोण, कोणाशी? ‘मी’चं ‘आपण’ कोणत्या कडव्यात झालं? ‘पण’ कुठे आला, आणि त्याच्या आधीचं किती खोडलं गेलं? तेच ध्रुवपद शेवटच्या कडव्यानंतर आलं की त्याचा अर्थ बदलतो का? गाळलेले शब्द ओळखायला लावायचे असतील (ही पद्धत विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मांडली) तर ओळीच्या मधले शब्द गाळा. यमकाचा शब्द गाळला तर मुलं अर्थाकडे न बघता नादावरून ओळखतात.

मग गाणं लावा आणि एकच प्रश्न विचारा: वाचताना न पटलेली कोणती ओळ ऐकताना पटली? इथे वर्ग जागा होतो. ॲरिस्टॉटलने पटवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. गाण्यात दुसरा दणकट असतो, तिसरा बहुधा नसतोच. तो मुलांनी पुरवायचा.

त्यासाठी गाण्यातला एक विचार घेऊन त्याचा वाद घालता येईल असा दावा करायचा. ‘माणसाने माणसाशी चांगलं वागावं’ याच्या उलट कोणी शहाणा बोलणार नाही, म्हणून त्यावर निबंधही होत नाही. गाणं ‘चुकतो तोही माणूसच’ असं सांगत असेल, तर दावा असा होईल: शिक्षा भोगून आलेल्याला नोकरी देताना जुना गुन्हा विचारू नये. आता अर्धा वर्ग विरोधात जाईल, आणि तेच हवंय.

मांडणीसाठी न्यायशास्त्राचे (म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचे) पाच अवयव मला फार उपयोगी वाटतात: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. मुलं प्रतिज्ञेवरून थेट निगमनावर उडी मारतात आणि पहिलंच वाक्य शेवटी जरा मोठ्या आवाजात लिहितात. सर्वांत जास्त वेळ हेतूला द्या.

जोडीला संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम वाचायला द्या. सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, प्रतिष्ठेने आणि हक्कांनी समान आहेत; त्यांना विवेकबुद्धी आणि सदसद्विवेक लाभला आहे आणि त्यांनी एकमेकांशी बंधुभावाने वागावं, असा त्याचा आशय. मुलांना विचारा: विवेकबुद्धी हा समानतेचा हेतू आहे का? असेल, तर तान्ह्या बाळाचं काय? स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय? आणि हेतू नसेल, तर ते वाक्य तिथे कशाला आहे? मोठ्यांनाही याचं उत्तर पटकन देता येत नाही, आणि मोठेही अडलेत हे मुलांना लगेच कळतं. बरोबर उत्तर सांगून टाकायचा मोह मात्र आवरा. या प्रश्नांवर लिहिलेला एक परिच्छेद मला दोन पानी निबंधापेक्षा मोलाचा वाटतो.

शेवटी पूर्वपक्ष. विरोधकाची बाजू अशी लिहायची, की विरोधी मताच्या मुलाने वाचून ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणावं. त्याने मान डोलावल्याशिवाय खंडनाला हात लावायचा नाही. वह्यांची अदलाबदल करून मुलंच हे तपासतात, तुमचा वेळही वाचतो.

गुण देताना मत किती उदात्त आहे ते बघू नका. गोड मताला एकदा जास्त गुण मिळाले की पुढच्या वेळी सगळ्या वह्यांत ते ‘माणुसकीने वागले पाहिजे’वालं वाक्य परत येतं.