टोनिंग: छटा की झाक?

प्रश्न असा आहे: कृष्णधवल फोटो घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापताना त्याला किंचित तपकिरी किंवा निळा रंग देतात. या 'टोनिंग'ला मराठीत 'छटा देणे' म्हणावे, 'रंगछटा देणे' म्हणावे की 'रंगवणे'?

यांपैकी एकही नको. 'झाक देणे' म्हणावे.

घोळ मूळ शब्दातच आहे. फोटोग्राफीत 'टोन' दोन गोष्टींना म्हणतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या ज्या पायऱ्या असतात त्याही टोन, आणि त्या सगळ्या करड्यावर जो रंगाचा भास असतो तोही टोन. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द तयारच आहेत. एकाच रंगाच्या गडद-फिकट पायऱ्या म्हणजे छटा, वरून जाणवणारा दुसरा रंग म्हणजे झाक. एका चांगल्या प्रिंटमध्ये करड्याच्या शेकडो छटा असतात, झाक मात्र एक, फार तर दोन. 'रंगछटा' हा शब्द दोन्ही कालवून टाकतो. 'रंगवणे' तर वेगळेच काम आहे: ब्रशने गालावर गुलाबी, लुगड्यावर हिरवा रंग चढवणे.

हा फरक नुसता कोशापुरता नाही. झाक देताना छटा हलता कामा नये, हाच टोनिंगचा पहिला नियम आहे. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल करडी करून झाली की ती आरजीबी (लाल, हिरवा, निळा) मोडमध्ये, १६ बिटवर ठेवावी. कर्व्हज् लेयर (उजेडाच्या पायऱ्या वरखाली करणारा वेगळा थर) घेऊन निळ्या चॅनेलचा मधला बिंदू १२८ वरून १२० वर उतरवावा, लाल १३२ पर्यंत चढवावा. एवढ्यात सौम्य उष्ण झाक येते. लेयरचा ब्लेंड मोड 'कलर' ठेवला नाही, तर रंगाबरोबर उजेडही बदलतो आणि छटा बिघडतात. ० (पूर्ण काळा) आणि २५५ (पूर्ण पांढरा) ही दोन टोके मात्र जागची हलवू नयेत.

का हलवू नयेत, हे डार्करूममध्ये, म्हणजे रसायनांनी फोटो करण्याच्या अंधाऱ्या खोलीत, नीट कळते. तिथे सेपिया टोनिंग करताना प्रिंट आधी पोटॅशियम फेरिसायनाइड व पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात फिकट करतात, धुतात, मग सोडियम सल्फाइडमध्ये घालतात. अशा प्रिंटमधला काळेपणा चांदीच्या कणांचा असतो; त्या चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होते आणि ते तपकिरी दिसते. रंग चांदीला येतो. जिथे चांदी नाही, तिथला कागद पांढराच राहतो. कागदासकट सगळेच रंगले, तर ते टोनिंग नव्हे, टिंटिंग. इंकजेटवर २५५ चा बिंदू खाली ओढला की नेमके तेच होते: पांढऱ्या भागांवरही शाई पडते आणि फोटो चहा सांडल्यासारखा दिसतो. टिंटिंगला 'कागद रंगवणे' हे साधे शब्द पुरतात. (सल्फाइडने प्रिंट टिकाऊही होते. शाईच्या झाकेत तो गुण नाही.)

आता क्रियापद. 'देणे' हे मराठी वळणाचेच आहे: धुतलेल्या धोतराला नीळ देतात, भिंतीला रंग देतात. पण याहून मोलाचे म्हणजे मराठीत याचे दुसरे टोकही आहे. 'हा करडा हिरवट मारतो', 'जांभळी झाक मारते' असे आपण सहज म्हणतो. मुद्दाम केलेली झाक 'दिलेली', नको असताना आलेली झाक 'मारणारी'. एक क्रियापद बदलले की काम आणि दोष वेगळे होतात.

झाक मारण्याची कारणे बहुधा तीन. घरच्या चार रंगांच्या प्रिंटरमध्ये करडा रंग बराचसा निळ्या, किरमिजी व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून होतो. त्यामुळे दिवसाउजेडी ठीक दिसणारा प्रिंट पिवळ्या बल्बखाली किंवा एलईडीखाली वेगळाच मारतो. करड्या शायांची वेगळी काडतुसे असलेल्या प्रिंटरमध्ये हे बरेच कमी होते. दुसरे कारण, रंगव्यवस्थापन (रंग कागदाला जुळवून घेण्याची सोय) फोटोच्या सॉफ्टवेअरमध्येही चालू आणि ड्रायव्हरमध्येही, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही, चालू. दुरुस्ती दोनदा होते आणि फोटो अनेकदा किरमिजी मारतो. एकच ठेवावे. तिसरे कारण कागद. फार पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी द्रव्ये असतात. ती अतिनील किरणे शोषून निळा उजेड बाहेर टाकतात, थोडक्यात कागदाला गिरणीतच नीळ दिलेली असते. त्यावर तपकिरी झाक दिली की मधल्या छटा तपकिरी आणि फिकट भाग निळसर, अशी फारकत दिसते. तपकिरी झाकेसाठी नैसर्गिक पांढरा, अशी द्रव्ये नसलेला कागदच घ्यावा.

एप्सनच्या काही प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी वेगळा मोड असतो. त्यातले न्यूट्रल, कूल, वॉर्म आणि सेपिया हे पर्याय मराठीत 'बिनझाकेचा, शीत, उष्ण, सेपिया' असे सांगता येतील. उष्ण-शीत हे शब्द चित्रकलेच्या वर्गात रुळलेले आहेत.

'सेपिया' तसाच ठेवावा. ते मुळात एका समुद्री प्राण्याचे ग्रीक नाव. आपल्या माकुळाच्या जातकुळीतला हा प्राणी, त्याच्या पाठीतले हाड म्हणजे बाजारात मिळणारा समुद्रफेस. त्याच्या शाईपासून चित्रकार तपकिरी रंग करत. फोटोतल्या सेपियात ती शाई नसते, फक्त रंगाचे नाव उरले आहे. वर्णन करताना मात्र आपले शब्द फार नेमके आहेत: पिंगट, काथ्या, उदी, तांबूस, काळपट. सेलेनियम टोनिंगची (सल्फाइडऐवजी सेलेनियमच्या रसायनाने केलेल्या टोनिंगची) झाक काही कागदांवर वांगी रंगाकडे जाते, आणि ती सांगायला 'वांगी' याहून चांगला शब्द नाही.

गडद भागांना एक आणि फिकट भागांना दुसरी झाक दिली, तर तिला 'दुहेरी झाक' म्हणावे. गडद भागांत निळसर (ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची जागा, २२० च्या आसपास), फिकट भागांत उष्ण (४० च्या आसपास), सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा जोर, ५ ते १० पुरते. त्यापुढे गेले की फोटो रंगवल्यासारखा दिसू लागतो.

प्रिंट २४ तास वाळू द्यावा, जिथे लावायचा त्याच उजेडात पाहावा आणि मागे पेन्सिलीने लिहावे: 'झाक पिंगट, सौम्य. कागद नैसर्गिक पांढरा. ट्यूबलाइटखाली हिरवट मारतो.'