इंग्लंडच्या ग्राहकाने ‘आधुनिक गुलामगिरी’बद्दल प्रश्नावली पाठवली आहे. कचरा प्रक्रिया कंपनीने पुरवठादारांकडे नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या कंपनीत खरेदी विभागात नवीन लागलात, कंपनी सुकं प्लास्टिक घेऊन दाणे बनवते, आणि प्रश्नावली आल्यावर सगळ्या ठेकेदारांनी ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. ते कागद फाइलला लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मी इंदूरच्याच सांवेर रोड औद्योगिक भागातल्या एका युनिटमध्ये बरीच वर्षं हजेरी-पगाराचं काम बघितलंय. मला विचाराल तर सगळ्यात आधी उचल, म्हणजे कामावर आगाऊ दिलेले पैसे, बघा. कोणाला दिली, कशी फिटते, आणि फिटेपर्यंत माणसाला काम सोडता येतं की नाही.

गुलामगिरी म्हटलं की लोकांना कुलूप लावलेलं गोदाम डोळ्यांपुढे येतं. 1976 चा वेठबिगारीविरोधी कायदा कुलूप मागत नाही. उचलीपायी माणूस फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल, दुसरीकडे काम धरू शकत नसेल, मोकळेपणी कुठे जाऊ शकत नसेल, किंवा आपल्या कष्टाचा माल बाजारभावाने विकू शकत नसेल, तर यातलं कोणतंही एक पुरेसं आहे. शेवटचं कलम तर जणू आपल्याच लाइनीसाठी लिहिलंय. कचरा वेचणाऱ्या बाईला भंगारवाल्याने मुलीच्या लग्नाला पैसे दिले आणि त्या बदल्यात सगळा माल मलाच, तोही किलोमागे दोन-तीन रुपये कमी, असं ठरलं, की त्याला बाजारात कोणी वेठबिगारी म्हणत नाही. ‘व्यवहार आहे’ म्हणतात. बाईसुद्धा म्हणेल, अडीनडीला तोच उभा राहतो. आणि ते खोटं नाही, बँक तिला दारात उभी करत नाही. म्हणून भंगारवाल्याला राक्षस ठरवून हे सुटत नाही. त्याच्याकडे कोणत्या भावाने खरेदी होते ते विचारा आणि शेजारच्या गल्लीतला भाव काढा. फरक सतत ठरावीक माणसांनाच लागत असेल तर खाली उचल आहे असं धरून चला.

ठेकेदाराकडे गेलात की पगारपत्रक मागू नका, ते तयारच असतं. त्याच्या मुकादमाची वही मागा. लांबट, लाल पुठ्ठ्याची, खिशात दुमडून ठेवलेली. एका पानावर एक नाव. वर उचलीची रक्कम, खाली दर शनिवारची वजावट: खोलीभाडं, किराणा, हातमोजे, मोबाइलचा रिचार्ज. मी पाहिलेल्या एका वहीत वजावट दर आठवड्याला होत होती, पण शिल्लक हलत नव्हती, कारण फिटेल तितकंच नवं काहीतरी चढत होतं. हातमोज्यांचे पैसे कामगाराच्या नावावर लावायचेच नसतात, पण बघतो कोण?

मग बँकेची यादी घ्या. पगार खात्यात जातो म्हणून निर्धास्त होऊ नका. एकाच खात्याचा नंबर दोन-चार नावांपुढे आहे का, सगळ्यांचा मोबाइल नंबर मुकादमाचाच आहे का, एटीएम कार्ड कोणाकडे असतं, हे बघा. तुमच्या ग्राहकाला हे कळेल. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये पोलंडहून आणलेल्या माणसांना एका टोळीने कचरा वर्गीकरणाच्या केंद्रांत आणि शेतांवर कामाला लावलं होतं. पगार रीतसर बँकेत जमा होत होता, पण खाती टोळीच्या हातात होती. बळींची संख्या 400 च्या वर गेली, 2019 मध्ये निकाल लागले.

बोलायचं तर ठेकेदार समोर नसताना, आणि शक्यतो भिलीत किंवा निमाडीत बोलणारं कोणीतरी सोबत घेऊन. आपल्याकडे कचरा वेगळा करायच्या पट्ट्यावर झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची माणसं बरीच. होळीआधी भगोरियाला ती गावी जातातच, तो त्यांचा वर्षाचा सण. ‘भगोरियाला कोण कोण गेलं होतं, कोणाला सुट्टी मिळाली नाही?’ एवढं विचारलं तरी पुरतं. कुठल्याही छापील ऑडिटमध्ये हा प्रश्न नसतो.

आता जरा कडू. अर्ध्या वेळा ही साखळी आपल्याच ऑफिसात सुरू होते. ठेकेदाराला टनामागे जो भाव देता, त्यात किमान वेतन, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) बसतात का, हे एकदा कागदावर मांडा. बसत नसतील तर तो ते कुठून काढणार हे उघड आहे. आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम घटनेच्या कलम 23 खालची वेठ आहे. शिवाय तुमचं बिल तीन-तीन महिने अडकलं की ठेकेदार पगाराऐवजी ‘हे घे, सध्या चालव’ म्हणत उचल देतो. नोंदणीकृत लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकवणं 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. अकाउंट्सवाल्यांशी यावर भांडण होईल, ते करा. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे त्यांना आठवण करून द्या.

कुठे सापडलंच, तर रागाच्या भरात ठेका रद्द करू नका. संध्याकाळपर्यंत माणसं ट्रकमध्ये बसवून गावी पाठवलेली असतात, उचल मात्र डोक्यावर तशीच. कलेक्टर किंवा एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) लेखी कळवा. चौकशी होऊन सुटकेचा दाखला मिळाला की कर्ज कायद्यानेच संपतं, तातडीची मदत 30 हजारांपर्यंत मिळू शकते आणि पुनर्वसनाची रक्कम परिस्थितीनुसार 1, 2 किंवा 3 लाख असते. ती यायला वेळ लागतो, तोवर त्यांची थकलेली मजुरी कंपनीने द्यावी. उचल वेठबिगारीचं कर्ज नव्हती हे सिद्ध करण्याचं ओझंही कायद्याने पैसे देणाऱ्यावर टाकलंय, मजुरावर नाही.

हो, इंदूर 2017 ते 2023 सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं आलं, ते उत्तरात लिहू नका. ती महापालिकेची शाबासकी आहे, तुमच्या गोदामाची नाही.

प्रश्नावलीत ‘शून्य प्रकरणं’ लिहायचा मोह आवरा. इंग्लंडच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यात 3.6 कोटी पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपनीला दरवर्षी निवेदन द्यावं लागतं, म्हणजे बंधन ग्राहकावर आहे, तुमच्यावर नाही. त्याला तुमच्याकडून निष्कलंकपणाचा दाखला नको, काय बघितलं ते हवंय. किती ठेकेदारांच्या वह्या पाहिल्या, कुठे भावात फरक दिसला, कोणाचं बिल लवकर चुकवायला लागलात, हे लिहा. एकाच महिन्यात सगळे ठेकेदार होणार नाहीत. ज्याची माणसं गोदामातच राहतात त्याच्यापासून सुरुवात करा.