प्लँटचं नंतर बघू

चि. पोरी,

पत्र मिळालं. सल्लागार वाळू रिक्लेमेशनचा, म्हणजे वापरलेली वाळू पुन्हा कामाजोगी करायचा प्लँट घ्या म्हणतोय, बँक कर्ज द्यायला तयार आहे, वडील थांब म्हणतात. कोणाचं ऐकू, असं विचारतेस. सध्या कोणाचंच नको.

परवा तुमच्या शिरोलीच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत आलो होतो. ग्रे आयर्नचे म्हणजे साध्या बिडाचे रनर-रायझर (कास्टिंगपासून तोडलेले जादा तुकडे), एसजीची म्हणजे गोळ्यांच्या ग्रॅफाइटच्या चिवट बिडाची रिजेक्ट कास्टिंग, मशीनशॉपमधलं तेलकट बोरिंग (लोखंडाचा कीस), सगळं एकाच ढिगात. वर अल्युमिनियमचे तुकडे! ग्रे आयर्नमध्ये त्याचा अंश गेला तरी पिनहोल, बारीक भोकं येतात, हे तुला शिकवलंय ना?

मिसळू नकोस. ग्रे आयर्नमध्ये गंधक जास्त. तो रिटर्न, म्हणजे परत वितळवायचा माल, एसजीच्या चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) पडला की मॅग्नेशियम गंधकावरच खर्ची पडतं, ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत, माल रिजेक्ट. मग तो पुन्हा भट्टीत, टनामागे साधारण 600 युनिट वीज दुसऱ्यांदा. आणि याला तुम्ही रिसायकलिंग म्हणता!

वाळूचंही तेच. ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, थोडं बेंटोनाइट (चिकणमाती), कोळशाची पूड आणि पाणी देत राहिलं की पुन्हा पुन्हा चालते. तिच्यात रेझिनने बांधलेल्या कोअरची (कास्टिंगची आतली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची) वाळू साठत गेली की गॅस वाढतो, ब्लोहोल म्हणजे गॅसची भोकं येतात. शेकआउटला, साचा फोडताना, कोअरची ढेकळं वेचायला माणूस लाव. वेगळी ठेवलेली कोअरची वाळू भाजली की रेझिन जळतं आणि ती परत कोअरला वापरता येते. प्लँटचा विचार तेव्हा कर, आधी नाही.

वापरलेलं तेल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, तेलाच्या चिंध्याही. त्या टाकाऊ वाळूत गेल्या की अख्खा ढीग तुझ्या गळ्यात. म्हणून परत सांगतो, मिसळू नकोस.

मला लोक चिंगूस म्हणायचे. प्रत्येक मशीनजवळ वेगळ्या पेट्या ठेवून जागा अडवतो म्हणून भागीदाराशी वाजलं, पुढे भागीदारी मोडली. चांगला माणूस होता, त्याची खंत आहे. पण पेट्या हलवल्या नाहीत. जागेचं रडगाणं गाणाऱ्यांना रिजेक्शनचा ढीग किती जागा खातो ते कधी दिसत नाही. मी काय चुकीचं करत होतो सांग?

तुझा सुपरवायझर कुरकुरेल. भंगारवाला त्याहून जास्त, कारण मिसळलेल्या मालाचा भाव पाडूनच तो घेतो. दोघांनाही चहा पाज, पण पेट्या ठेव. आणि वडिलांशी कर्जाचं बोलायला जाशील तेव्हा सल्लागाराचं कोटेशन नको, रिजेक्शनचं रजिस्टर घेऊन जा.

तुझा काका