पावसाळाभर पडून असलेलं 8 एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) पंधरा-वीस वेळा दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही, नंतर मात्र नीट चालतं, काय करावं?

बहुतेक कार्बुरेटरचा पायलट जेट (सुरू होताना आणि हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबलाय, आधी तो साफ करा. हिडकल धरणाच्या पाण्यावरच्या होड्यांची इंजिनं जून ते सप्टेंबर पडून राहतात, त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढतं. बाकीचं पेट्रोल उडून खाली चिकट थर राहतो आणि केसाएवढं भोक बंद होतं. मोठा जेट उघडा असतो, म्हणून एकदा पकडलं की चालतं.

पण खोलण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा, पेट्रोलच्या पाइपमधला रबरी बल्ब त्यावरचा बाण वर ठेवून कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर पाइप किंवा बल्बचा व्हॉल्व्ह हवा ओढतोय. चोक पूर्ण बंद होतो का तेही डोळ्यांनी बघा. मग चार-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढा: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगी तपासा.

जेट कार्बुरेटर क्लीनर आणि हवेने साफ करा. तार अजिबात घालू नका, पितळी भोक मोठं होतं. जुनं पेट्रोल टाकून द्या; नवीन मिश्रण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. घरी चालवून बघताना इंजिनाचा खालचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये हवाच, नाहीतर इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा) जळतो.

एवढं करूनही अडलं आणि दोरी हाताला हलकी लागत असेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय. पिस्टनच्या रिंगांचं काम मेकॅनिककडेच.