पडद्यावरचा इतिहासाचा तास

प्रश्न : मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात समाज विज्ञान शिकवते. अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली की आम्ही मोबाईलवरून तास घेतो. गणित कसेबसे निभते; इतिहासाच्या तासाला मात्र मुले कॅमेरा बंद करून बसतात आणि स्वाध्यायाची उत्तरे एकमेकांची पाहून शब्दशः उतरवून पाठवतात. नववी-दहावीला ऑनलाइन इतिहास शिकवावा तरी कसा?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, कॅमेरा बंद म्हणजे टाळाटाळ, असे धरून चालू नका. घाटालगतच्या गावांत पावसात वीज जाते, रेंज जाते आणि घरातला एकुलता एक मोबाईल पुष्कळदा वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. थेट तास वीस मिनिटांत आटोपून बाकीचे सांगणे रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे.

खरी अडचण प्रश्नांची आहे. वर्गात आपण मुलांचे चेहरे पाहून थांबतो, फळ्यावर नकाशा काढतो, मागच्या बाकावरच्याला उठवून विचारतो. पडद्यावर हे सारे गळून जाते आणि उरते ती सनावळी, जिचे उत्तर एकच असल्यामुळे ते सहज उतरवता येते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचेच घ्या. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी तिथल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि १८३१ मध्ये राणीचे सहकारी संगोळ्ळी रायण्णांना नंदगडला, म्हणजे तुमच्याच तालुक्यात, फाशी देण्यात आली. ‘लढ्याची कारणे लिहा’ असे न विचारता, रायण्णांविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय ऐकले आहे ते दोन मिनिटे रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. कौलांवरच्या पावसाच्या आवाजात एखादी आजी कन्नडमध्ये सांगेल, तर नातवाने त्याचा मराठीत अर्थ सांगावा. अशी दोन उत्तरे सारखी येणार नाहीत. मग ते सांगणे पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवून विचारा : दोन्हींत काय आहे, एकातच काय आहे, आणि आजीला हे कोणी सांगितले? माझ्या मते इतिहासाचे शिक्षण या शेवटच्या प्रश्नापासून सुरू होते, आणि तो विचारायला फळा लागत नाही.

पडद्याचा एक मोठा उपयोगही आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती, म्हणजे तिथले जुने जैन मंदिर, रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली; तिच्याशी संबंधित १२०४ सालचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सहलीला नेऊन आपण मुलांना बस्ती दाखवू शकतो, ते दगड नाही. त्यांचे छायाचित्र पडद्यावर मोठे करा. शाळेत कन्नड शिकणाऱ्या आपल्या मुलांना त्या जुन्या कन्नड लेखातले एखादे अक्षर ओळखू येते का, ते पाहा. बेळगावचे जुने नाव ‘वेणुग्राम’ त्यात आले आहे, हे सांगा, आणि आपल्या किल्ल्यातला दगड लंडनला का व कसा गेला असेल, याचा त्यांना विचार करू द्या.

एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेची, काळजी मला समजते. सनावळी पाठ हवीच, पण तिची उजळणी शाळा उघडल्यावर चार दिवसांत होते. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांनी आजीचे सांगणे वहीत उतरवून आणावे, आणि पहिल्याच तासाला ते त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.