सहा गाणी एकदम काढू की एकेक, आणि सुरुवातीची बासरी कापू का?

तुमचे प्रश्न दोन. सहा गाणी रेकॉर्ड होऊन तयार आहेत, ती अल्बम म्हणून एकदम काढावीत की एकेक करून? आणि संगीत संयोजक म्हणतात म्हणून पहिल्या गाण्याची बासरी कापून थेट मुखड्यावर यावं का? मी पुण्यात कॅसेटच्या काळापासून रेकॉर्डिंग-मिक्सिंग करतोय, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

आधी बासरी. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरतात. ऐकणारा त्याआधी पुढे गेला तर काही नाही. नियम एवढाच. मुखडा कितव्या सेकंदाला यावा, यावर त्यात अक्षर नाही. तरी सगळीकडे धास्ती अशी की पहिल्या श्वासाला गळा ऐकू आला नाही तर माणूस पळणार. तुमची बासरी १४ सेकंदांची आहे. कंटाळवाणी असेल तर काढा, पण ती ३० सेकंदांच्या नियमाच्या नावावर खपवू नका. ४० सेकंदांची असती तर कात्री मीच मागितली असती.

वेळेच्या मापात गाणं बसवणं आपल्याकडे नवीन नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची. अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं काढून ऐका, तेवढ्यात ठुमरी मांडून, फुलवून, संपवलेली असते आणि कुठे घाई वाटत नाही. पण तबकडीची सक्ती शेवटाची होती: वेळेत संपवा. आताची सक्ती सुरुवातीची आहे. गाणं कसं संपतं याची फिकीर कोणाला राहिलेली नाही. संयोजकही शेवटचं आवर्तन विरवून टाकतात आणि मोकळे होतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे मोजणी किती वेळ ऐकलं याची होत नाही, किती वेळा ऐकलं याची होते. ३१ सेकंद ऐकलं काय आणि पूर्ण ११ मिनिटं ऐकलं काय, प्ले एकच. तुमचा ११ मिनिटांचा अभंग हिशेबात साडेतीन मिनिटांच्या गाण्याएवढाच. ख्याल गाणाऱ्यांना हे फार लागतं: पाऊण तासाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, आणि प्ले एकच. म्हणून काहीजण राग तुकड्यांत टाकतात. विलंबित आणि जलद लयीतला द्रुत वेगळे ठेवायला हरकत नाही, सीडीवरही ठेवत होते. पण फुकट ऐकणाऱ्याला दोन तुकड्यांच्या मध्ये जाहिरात लागू शकते. तानपुरा चालू असताना मध्येच कोणीतरी साबण विकतं. अभंगाचे तुकडे करू नका.

आता एकेक की एकदम? एकेक. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवता येतं ते एका वेळी एकच, तेही प्रसिद्ध होण्याआधी. निदान ७ दिवस आधी सुचवलं तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते जातं. वितरकाला, म्हणजे तुमची गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीला, फाइल पोचवायला वेळ लागतो, तेव्हा चार आठवडे हाताशी ठेवा. शिवाय २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत १००० प्ले न झालेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. सहा गाणी एकाच दिवशी सोडली तर ओळखीचे लोक पहिली दोन ऐकतात आणि उरलेली चार तशीच पडून राहतात. प्ले विकत देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पकडलं तर गाणंच काढून टाकलं जाऊ शकतं.

चार गाणी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने काढा आणि मग सहांचा अल्बम करा. मात्र आधी काढलेल्या गाण्यांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक, तोच ठेवा. नवा घेतलात तर आधीचे प्ले मागेच राहतील. शुक्रवारचा आग्रह सोडलात तरी चालेल. १० जुलै २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी यायला लागलं ते मोठ्या कंपन्यांच्या सोयीने. तुमच्या अभंगाला वार बघायचा नाही, आषाढी बघायची आहे. गणपतीच्या आधी कॅसेट दुकानात पोचवायची धडपड ज्यांनी केली त्यांना हे सांगावं लागत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट नावाची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननी रेकॉर्डिंग केलं, तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या जर्मनीत दाबल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना लेबल कोणाचं लावायचं ते कळावं म्हणून, असं सांगतात. आज ते काम वितरकाकडे गाणं देताना भरायच्या फॉर्ममधल्या रकान्यांचं आहे. माझ्या एका गायक मित्राचं गाणं वितरकाच्या चुकीने त्याच नावाच्या एका पंजाबी गायकाच्या पानावर गेलं. शास्त्रीय बैठकीतली बंदिश भांगड्याच्या गाण्यांत! ते परत आणायला तीन महिने गेले आणि गाणं नवं असण्याचे दिवस तिथेच संपले. रोमन स्पेलिंग एकदा ठरवा आणि सहाही गाण्यांना तेच ठेवा. कवी, संगीतकार, वादक सगळ्यांची नावं भरा. कवी आणि संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा निर्मात्याला लिहून घेता येत नाही, पण नोंदच नसेल तर पैसे पोचणार कुठे?

बासरी प्रत्यक्ष वाजवून घेतलीय की तयार लूप, म्हणजे कोणालाही वापरायला मिळणारा ध्वनिमुद्रित तुकडा आहे, ते बघा. लूप असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओतलं तुमचं ध्वनिमुद्रण आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, ते गाणं टाकू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्याच्या व्हिडिओवर तुमचा दावा लागेल आणि भांडण तुमच्या दारात येईल.

दोन गाणी दिवंगत कवीच्या कवितांवर आहेत असं तुम्ही म्हणता. कवी गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. त्यांची लेखी परवानगी मिळेपर्यंत ती दोन मागे ठेवा आणि उरलेल्या चारांपासून सुरुवात करा.